साडेपाचच्या भोंग्याचा सा

मधू,

तू गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. आधी त्या ट्रकचा, मग लढाईतल्या ब्लॅकआउटचा, आणि शेवटी सगळ्यात जास्त तुझा. सायकलच्या दिव्याला काळा कागद लाव असं सरकारने सांगितलं होतं, दिवाच काढून घरी ठेव असं नव्हतं सांगितलं. पण तुझं सगळं असंच. लोकांनी अर्धं केलं की तू पूर्ण करणार. रांझीच्या चढावर, संध्याकाळी अंधार पडता पडता, दिव्यांच्या अर्ध्या काचा काळ्या केलेल्या लष्करी ट्रकने तुला मागून उडवलं, आणि ड्रायव्हरला ते कळलंसुद्धा नाही. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने पाठलाग करून त्याला पुढच्या चौकात अडवलं. तुझी सायकल मी पाहिली. हँडल पुढच्या चाकात घुसलं होतं. तुला मात्र पाहिलं नाही. दवाखान्यात तुझ्यावर चादर होती आणि ती बाजूला करा असं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तू माझ्याशी भांडायलाच येत होतास. विद्यापीठाच्या गानवृंदाचं पुढे काय करायचं, हे ठरवायची बैठक होती. समितीचे अध्यक्ष, वृंदाची चिटणीस शोभा आणि मी, तिघं तुझी वाट पाहत बसलो होतो. तू काय काय बोलशील ते सगळं मी मनात आधीच खोडून ठेवलं होतं. सहा वर्षं आपण दुसरं केलं तरी काय? शोभा दोनदा दारापर्यंत जाऊन आली. "मधुभैया कधी उशीर नाही करत," ती म्हणाली. मी म्हणालो, "आज मुद्दाम करून राहिला असंन." नंतर मी वेळ जुळवून पाहिली. मी हे बोललो तेव्हा तू रस्त्यावर पडलेला होतास.

बाहेरच्या माणसाला आपलं भांडण सांगितलं तर तो हसेल. एका भोंग्यावरून दोन बऱ्यापैकी शहाणी माणसं सहा वर्षं एकमेकांच्या उरावर बसली, एवढंच त्याला दिसेल. पण आपल्या वृंदात पेटी नव्हतीच. विद्यापीठ निघायच्या कितीतरी आधी, नुसतं कॉलेज होतं तेव्हा, गुरुजींनी वृंद उभा केला तो रांझीला, फॅक्टरीच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या कामगारांच्या हॉलमध्ये. गाणारी पोरं बहुतेक फॅक्टरीवाल्यांच्या घरचीच. संध्याकाळी साडेपाचला पाळीचा भोंगा व्हायचा आणि तो इतक्या जवळून अंगावर यायचा की त्याच्यापुढे दुसरा कोणता सूर टिकायचा नाही. गुरुजींनी मग त्यालाच सा केला. पेटीवरच्या काळी एकच्या आसपास, जरासा चढा.

तेव्हापासून रीत पडली. साडेपाचला सगळ्यांनी डोळे मिटून उभं राहायचं. भोंगा झाला की एकाने, फक्त एकाने, तो सूर तोंड बंद ठेवून धरायचा, बाकीच्यांनी त्यात मिळायचं. भोंगा मिनिटभराने थांबला की गाणं उचलायचं. पहिलं गाणं कायम एकच, गुरुजींनी बांधलेलं नर्मदेचं, आठ कडव्यांचं. आणि उचललेलं गाणं मधे खाली ठेवायचं नाही, छप्पर कोसळलं तरी नाही. चूक कोणाचीही होवो, जबाबदार सूर देणारा. गुरुजींनंतर सूर देणारा तू झालास. दिवसभर फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात रेघा मारायच्या आणि पाचला सुटलास की हॉल. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि तुझ्या उजव्या हाताला उभा राहायचो. बाहेरगावचे पाहुणे आले की विद्यापीठवाले छाती फुगवून सांगायचे, "हमारा वृन्द भोंपू से सुर लेता है." पाहुणे आधी हसायचे. मग नर्मदेचं गाणं सुरू व्हायचं आणि ते गप्प व्हायचे.

पासष्टच्या लढाईत भोंगा बंद झाला. आता तो फक्त धोक्यालाच वाजणार असा हुकूम निघाला. आपला हॉल फाटकापासून हाकेच्या अंतरावर, त्यात तीस-चाळीस धडधाकट माणसं रोज जमणारी, म्हणून आपल्यालाही कामाला लावलं. कोपऱ्यात स्ट्रेचर आणून ठेवले, पट्ट्या बांधायला शिकवलं. धोक्याचा भोंगा झाला की स्ट्रेचर घेऊन फाटकाकडे पळायचं. तू आमच्याकडून कवायत करून घेतलीस. शरद, तुझा धाकटा भाऊ, फाउंड्रीत नुकताच लागला होता. त्याच्या पायाला फळ्या बांधून त्याला हॉलभर फिरवलं. तो स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ताना घेत होता.

"अबे, जखमी गात नसते," तू त्याच्यावर ओरडलास.

"मंग जखमी लवकर पोचवा ना भाऊ," तो म्हणाला. "गाणं संपून राहिलं माझं."

सगळे हसले. तूही हसलास. त्या दिवसातलं मला एवढंच नीट आठवतं, आणि हे न आठवतं तर बरं झालं असतं.

सा नव्हता, म्हणून मी पेटी घेऊन आलो. तू दारातच उभा राहिलास.

"हे काय आणून राहिला?"

"पेटी. सूर लागते आपल्याला."

"भोंगा येईन परत."

"लढाई संपल्यावर येईन. तोपर्यंत काय मुके बसू?"

"हाव. मुके बसू."

तू पेटीचं एक टोक धरलंस, मी दुसरं. पायऱ्यांवरून ती निसटली, खाली आपटली आणि तिच्या पट्ट्या सगळ्या अंगणात पसरल्या. मी तुझ्या तोंडावर ठोसा मारला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला मारत होतो, अंगठा मुठीच्या आत राहिला, तो महिनाभर सुजलेला होता. तुझा ओठ फाटला. लाल दातांनी तू हसलास आणि माझ्या पोटात अशी एक ठेवून दिलीस की मी अंगणात बसलोच. शरद मधे पडला, त्याने दोघांचाही मार खाल्ला. मग तू मला हात देऊन उठवलंस. "मास्तर असून मारता येते तुले, चांगलं आहे," म्हणालास. आपल्यातलं भांडण तेव्हा असं होतं, मधू. रक्त निघायचं, पण विष नव्हतं.

मग लढाई थांबली. सगळी रांझी एकच बोलत होती, भोंगा आज सुरू होणार, उद्या सुरू होणार. आपण रोज साडेपाचला डोळे मिटून उभे राहायचो. काही यायचं नाही. पाच मिनिटांनी तू "चलो, उद्या" म्हणायचास आणि सगळे घरी जायचे. चौथा की पाचवा दिवस असेल. आपण उभे होतो आणि भोंगा झाला.

आता मी ते लिहितो, जे सहा वर्षांत तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. सूर मी धरला. तू नव्हे. तू श्वास घेतलास तो मला ऐकू आला, आणि तो पुरा व्हायच्या आत मी सा लावला. एवढ्या दिवसांनी तो सूर कानावर आला होता, अंगावर काटा आला होता, हे सगळं खरं. पण त्याहून खरं हे की वर्षानुवर्षं तुझ्या उजव्या हाताला उभं राहून मला एकदा तो सूर माझा हवा होता. मागून चाळीस गळे माझ्यात येऊन मिळाले. काय सुख होतं ते, तुला कसं सांगू? तुला तर ते रोज मिळत होतं.

भोंगा थांबत नव्हता. मिनिट झालं, दोन झाली, तो ओरडतच राहिला. लढाई संपल्याच्या खुशीत वाजवत असतील असं मला वाटलं आणि त्याच्यावरच मी गाणं उचललं. डोळे उघडले तर तू समोर. तळहात वर केलेला, मान जोरजोरात हलवत होतास. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले. तो तळहात फक्त मी पाहिला, आणि मी गात राहिलो.

तुझा मान गेला म्हणून तू चिडलास, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मला कळलं होतं. पूर्ण नाही, अर्धं कळलं होतं, आणि उरलेलं अर्धं कळून घ्यायचं मी टाळलं, कारण दुसरं कडवं फार सुंदर लागलं होतं.

तू ओरडलास, पण भोंगा आणि चाळीस गळे यांच्याखाली तुझा आवाज कोणाला ऐकू जाणार? मागच्या रांगेतल्या दोघांना तू दंड धरून हलवलंस. त्यांनी डोळे उघडले, मी गातोय हे पाहिलं आणि परत मिटून घेतले. उचललेलं गाणं खाली ठेवायचं नाही. दुसरी कोणतीही चाळीस माणसं केव्हाच पळाली असती. आपण त्यांना इतकं छान शिकवलं होतं की ती जागची हलली नाहीत. तू दारापर्यंत गेलास, धूर पाहून परत आलास, एकट्याने एक स्ट्रेचर ओढलास, टाकून दिलास. पाचव्या कडव्याला तू माझ्या कानशिलात मारलीस. माझं डोकं भिंतीवर आपटलं, गाणं तुटलं आणि सगळ्यांनी डोळे उघडले. त्यांना दिसलं ते एवढंच: मधुभैयाने यशवंतला मारलं.

"पळा," तू म्हणालास. घसा पार बसला होता तुझा.

फाउंड्रीत भट्टी फुटली होती. फाटकाच्या आत जमिनीवर माणसं पडली होती, कोणाचे कपडे अंगाला चिकटलेले, कोणी बसून आपल्याच हाताकडे बघत होता. शरदच्या मांडीत लोखंडाचा तुकडा गेला होता. कोणीतरी आपला सदरा काढून जखमेवर दाबला होता, तो सदरा आता जड झाला होता. स्ट्रेचर पुढून तू धरलास, मागून मी. त्याचे पाय माझ्याकडे होते. दवाखान्याच्या वळणापर्यंत तो तुझ्याशी बोलत होता, "भाऊ, हळू, भाऊ, हळू." वळणानंतर बोलला नाही. डॉक्टर म्हणाला, "दस मिनट पहले लाते तो," आणि पुढचं त्याने तोंडातच ठेवलं.

शरदला अग्नी दिल्यावर, तिलवाऱ्याच्या घाटावर तुझ्या वडिलांनी, काकांनी, तुला मारलं. काकांना तोवर कोणीतरी सांगितलं होतं की धोक्याचा भोंगा झाला तरी मधूने वृंदाला गायला लावलं. त्यांनी कमरेचा पट्टा काढला आणि चितेपासून दहा पावलांवर, सगळ्या रांझीदेखत, तुला बकलाकडून मारायला लागले. लोक धरायला धावले तर तू म्हणालास, "बाबाले सोडा." तुझा पांढरा सदरा पाठीवर फाटला, त्यातून रक्त यायला लागलं, आणि तू हात वर केला नाहीस. मी सात-आठ पावलांवर उभा होतो. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या दातांत ते वाक्य होतं, मधू. मी मूग गिळून उभा राहिलो.

पुढे चौकशीच्या वेळीही तेच. "सुर किसने दिया था?"

"मैंने," तू म्हणालास.

पोरांनी साक्ष दिली की यशवंतभैया बीच में रुक गए थे, इसलिए मधुभैया ने उनको थप्पड़ मारा. खोटं नव्हते बोलत बिचारे. त्यांनी जे पाहिलं त्याचा अर्थ त्यांनी लावला होता; तू दंड धरून हलवलेल्या दोघांनाही वाटलं होतं की तू जोरात गा म्हणून सांगत होतास. मला विचारलं, "आपको कुछ कहना है?" मी म्हणालो, "नहीं." तू माझ्याकडे पाहिलंसही नाहीस. तू मान खाली घालून आपली नखं बघत होतास. त्या न पाहण्याची मला जी चीड आली, ती मी पुढे सहा वर्षं तुझ्यावर काढली.

कारण त्यानंतरच, तू नुसत्या ताकिदीवर सुटलास आणि रोजच्या भोंग्यावर पुन्हा सूर द्यायला लागलास तेव्हा, मी सुधारक झालो. भोंगा नको, पेटी हवी. रांझीचा हॉल नको, विद्यापीठाचं नवं सभागृह हवं. परंपरा-परंपरा करून माणसं मेली, असं मी भर सभेत तुझ्या तोंडावर म्हणालो, आणि लोकांनी माना डोलावल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला इतकं खवखवत होतं की जिथे तो सूर ऐकू येईल ती जागाच मला नको होती. तू म्हणायचास, हॉल सोडला तर फॅक्टरीतली पोरं कशी येतील? पाचला सुटलेलं पोरगं साडेपाचला विद्यापीठात कसं पोचेल? बरोबर होतं तुझं. पण मी बरोबर-चूक पाहतच नव्हतो. एकदा तू टेबल माझ्या अंगावर ढकललंस, मी शाईची बाटली तुझ्यावर फेकली. आता मात्र कोणी हात देऊन उठवत नव्हतं.

एकदाच मी प्रयत्न केला. शरदच्या वर्षश्राद्धानंतर आपण दोघं तिलवाऱ्याच्या पुलावर सायकली घेऊन उभे होतो. खाली नर्मदा भरलेली होती.

"मधू, त्या दिवशीचं मी सगळ्यांले सांगतो," मी म्हणालो.

तू माझी मानगूट धरलीस आणि मला कठड्यावर वाकवलंस. खरंच वाकवलंस, पाय सुटले होते माझे. "सांगून पाह्य. ढकलून देईन."

"काहून पण? तू काहून माझं घेऊन राहिला?"

"तुझं कोण घेऊन राहिलं बे? सूर देणारा मी. तुले सूर घेऊ दिला ती चूक माझी." मग हात सैल केलास. पाण्याकडे बघत म्हणालास, "आणि बाबाले कोणाले तरी मारायले पायजे होतं त्या दिवशी. नाही तर ते स्वतः गेले असते चितेत. आता दुसरं नाव सांगून त्यांले काय देतो?"

तेव्हा मला वाटलं, केवढा मोठा माणूस आहे हा. रडलोही मी तुझ्यासमोर. घरी पोचेपर्यंत मात्र मला वाटायला लागलं की तू मला विकत घेतलंस, आणि मला आयुष्यभर तुझ्या उपकारात कोंडून ठेवणार आहेस. दोन्ही खरं असेल. आज मला तुझे पाय धरावेसे वाटतात आणि तुझ्या तोंडात मारावीशीही वाटते. तू असतास तर म्हणाला असतास, आधी काय करतो ते ठरव.

बरं, आता बैठकीचं सांगतो. तू गेल्यावर ती पुढे ढकलली होती. लढाई पुन्हा संपली आहे, काल-परवापर्यंत चौकात मिठाई वाटत होते, आणि त्या धामधुमीत काल दुपारी बैठक भरली. तुला श्रद्धांजली आणि वृंदाचा पुढचा आराखडा, दोन्ही एकदमच. पन्नासेक माणसं होती. काकांना मुद्दाम रांझीहून आणून पहिल्या रांगेत बसवलं, खांद्यावर शाल घातली. हातोड्यांच्या आवाजात सारी हयात गेल्यामुळे त्यांना आता फार कमी ऐकू येतं. सगळ्यांकडे बघून ते मान हलवत होते.

अध्यक्ष तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यशवंतजी, अब आपकी योजना में कोई बाधा नहीं है." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. शोभाने ठराव वाचला. सराव विद्यापीठाच्या सभागृहात होईल. सूर पेटीवर घेतला जाईल. वृंदात फक्त विद्यापीठाचे विद्यार्थी असतील. सूर देणारा म्हणून यशवंत यांची नेमणूक. आणि शेवटचं कलम, त्याला कारण म्हणून जोडलेलं: दिवंगत संचालकांच्या, म्हणजे तुझ्या, एका गंभीर चुकीमुळे पूर्वी जीवितहानी झाली असल्याने भोंग्यावरून सूर घेण्याची पद्धत कायमची बंद करण्यात येत आहे. हे कागदावर, वृंदाच्या वहीत, कायमचं राहणार होतं.

मला सही करायची होती. मागितलेलं सगळं त्या कागदात होतं, मधू. तुझी जागा, तुझा सूर, रांझीपासून लांब एक नवी खोली, जिथे तो आवाज पोचणार नाही. विरोध करणारा मेला होता. साक्षीदार तर कोणी नव्हताच कधी. पेन उघडून मी पहिलं अक्षर काढलंही.

मग मी उभा राहिलो. उभा राहायचं ठरवलं असं काही नाही, पाय उभे राहिले. मी म्हणालो, हे कलम खोटं आहे. त्या दिवशी सूर मधूने दिला नव्हता, मी दिला होता. मधूने हात वर करून थांबवलं होतं, ते मी पाहिलं आणि तरी गात राहिलो. त्याने मला मारलं ते मी थांबलो म्हणून नाही, मी थांबत नव्हतो म्हणून. चौकशीत तो खोटं बोलला आणि मी त्याला बोलू दिलं. मराठीत सांगितलं, मग अध्यक्षांसाठी हिंदीत सांगितलं. दोन्ही भाषांत ते सारखंच घाणेरडं वाटलं.

त्या दिवशी मागच्या रांगेत असलेला एकजण, तू दंड धरून हलवलेल्यांपैकी, उठला आणि मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो मधल्या वाटेने चालत बाहेर निघून गेला. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "तो फिर आज रहने दें." शोभाने माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि चार तुकडे करून टेबलावर ठेवला. "नवा लिहावा लागेल, सर," ती म्हणाली. "रांझीच्या पोरांना विचारून." मला "सर" म्हणाली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. तुझ्या वृंदाचं पुढे काय होईल हे मला आता ठाऊक नाही. ते ठरवायला मी तिथे नसेन, एवढं मात्र ठरलं.

मी दाराकडे निघालो होतो. तेवढ्यात काकांनी माझा सदरा पकडला. त्यांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. सगळे गप्प का झाले, कागद का फाडला, हे ते शेजाऱ्याला विचारत होते आणि शेजारी खाली बघत होता.

"काय झालं रे?" ते म्हणाले. "काय बोलला तू?"

मला वाटलं होतं एकदा सांगितलं की झालं. मी त्यांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसलो, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा सांगितलं. त्यांना कळलं नाही. म्हणून मी ओरडून सांगितलं, एकेक शब्द तोडून, की मधूने नाही, काका, मी. मी गायला लावलं. शरद माझ्यामुळे गेला. पन्नास माणसं ऐकत होती आणि माझा आवाज त्या खोलीत चारही बाजूंनी परत येत होता.

काकांनी माझा सदरा सोडला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काय काय जुळवून पाहायचं होतं ते पाहून झालं असावं, मग एकदम लहान आवाजात, मला विचारावं तसं नाही, तुला विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"मंग मी कोणाले मारलं?"